निळ्या फायलीतले चौतीस कागद : नागपुरातल्या एका दवाखान्याचं सीएमई प्रकरण

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. डेंग्यूची गर्दी नुकती वाढायला लागली होती. दिघोरीकडे दवाखाना असलेल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी कंपाउंडरच्या हाती माझ्याकडे एक फाइल पाठवली. निळी, रेक्झिनची, दोन्ही बाजूंनी कागद बाहेर डोकावणारी. वर प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर दोन ओळी होत्या : 'डिसेंबरात रिन्युअल आहे. यात तीस होतात का पाहून सांग.'

दक्षिण नागपुरातल्या जनरल प्रॅक्टिशनरांचा एक छोटा अभ्यासगट मी चालवतो, त्यामुळे अशा फायली माझ्याकडे येतात. हे प्रकरण सरांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सर म्हणजे 'मेडिकल'चे, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे एमबीबीएस, एकतीस वर्षांची प्रॅक्टिस, एकट्याचा दवाखाना. सकाळी दहा ते दीड, संध्याकाळी सहा ते दहा. रविवारी फक्त सकाळ. आजूबाजूच्या वस्त्यांतली तिसरी पिढी आता त्यांच्याकडे येते. दवाखाना एक दिवस बंद राहिला तर लोक फोन करून विचारतात, 'डॉक्टरसाहेबांची तब्येत बरी आहे ना?'

नियम थोडक्यात सांगतो, कारण डॉक्टरांमध्येही त्याबद्दल बऱ्याच दंतकथा आहेत. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत एक साधं कलम आहे : डॉक्टराने दर पाच वर्षांत किमान तीस तास निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या (सीएमई) कार्यक्रमांत भाग घ्यावा आणि तसं वैद्यक परिषदेला कळवावं. आपल्याकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने हे डॉक्टरांच्या नोंदणीच्या दर पाच वर्षांच्या नूतनीकरणाशी जोडलं. (मराठीत तिलाही 'परिषद' म्हणतात आणि हॉटेलात भरते तीही 'परिषद'. या लेखात पहिलीला मी कौन्सिल म्हणतो, नाहीतर वाचणारा गोंधळेल.) पुढे २०१९ चा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा कायदा आला, २५ सप्टेंबर २०२० ला जुनी भारतीय वैद्यक परिषद गेली आणि आयोग आला. २ ऑगस्ट २०२३ ला आयोगाने नवी आचारसंहिता काढली. तिच्यात 'सीएमई'च्या जागी 'सीपीडी' (सततचा व्यावसायिक विकास) हा शब्द होता, तीस क्रेडिट तासांचीच अट होती आणि हे तास डॉक्टराच्या नोंदणी क्रमांकावर ऑनलाइन चढवायची सोयही सांगितली होती. २३ ऑगस्टला, म्हणजे तीन आठवड्यांत, ती स्थगित झाली आणि २००२ चीच संहिता पुन्हा लागू झाली. नाव बदललं, बदल मागे घेतला, पण तीसचा आकडा हलला नाही.

पाच वर्षांत तीस म्हणजे वर्षाला सहा. नागपूरहून शेगावला जाऊन यायला याहून जास्त वेळ लागतो. मग लोक अडकतात कुठे? फायलीत.

फाइल उघडली तेव्हा

एकूण चौतीस कागद निघाले. डायनिंग टेबलावर मी चार ढीग केले.

नऊ प्रमाणपत्रं आधीच्या पाच वर्षांतली होती. चांगली, खरी, मान्यतेची. पण त्या चक्राबरोबर संपलेली. जास्तीचे पॉइंट (व्यवहारात तास असेच मोजतात) पुढच्या चक्रात जमा होतील अशी सरांची समजूत होती, पोस्टाच्या बचत खात्यासारखी.

दुसऱ्या ढिगात आठ कागद. जाड कागद, सोनेरी किनार, मोठ्या अक्षरांत 'सहभागाबद्दल'. त्यांवर कौन्सिलचा मान्यता क्रमांक नव्हता आणि पॉइंटचा उल्लेखही नव्हता. हे सगळे वर्धा रोडवरच्या हॉटेलांतल्या संध्याकाळचे. एखाद्या औषध कंपनीचा कार्यक्रम, एक तासाचं भाषण, त्यात कंपनीच्या एका औषधी रेणूचं कौतुक, मग जेवण. हे कागद सर्वांत देखणे होते आणि एकही उपयोगाचा नव्हता.

तिसऱ्या ढिगात सहा सदोष कागद. तीन कागदांवर नोंदणी क्रमांकातले दोन आकडे उलटसुलट झालेले, कारण दारात रजिस्टरवर सही करताना सरांनीच क्रमांक आठवून लिहिला होता. एकावर क्रमांकाची जागा कोरी. उरलेली दोन तर सरांची नव्हतीच, मॅडमची, म्हणजे सरांच्या पत्नीची होती! मॅडम भूलतज्ज्ञ आहेत. त्यांची नोंदणी माहेरच्या नावाने आणि प्रमाणपत्रं सासरच्या आडनावाने. म्हणजे ज्यांची फाइल मला तपासायची नव्हती त्यांचंही प्रकरण त्यात निघालं.

चौथ्या ढिगात अकरा प्रमाणपत्रं : चालू पाच वर्षांतली, मान्यता क्रमांकाची, नाव-नंबर बरोबर असलेली. संध्याकाळच्या कार्यक्रमाला एक, दिवसभराच्याला दोन किंवा तीन, असे पॉइंट. बेरीज सतरा.

इथे एक गोष्ट नमूद करायला हवी. नियमाची भाषा तासांची आहे, व्यवहाराची भाषा पॉइंटांची. कार्यक्रमाला मान्यता देतानाच त्याचे पॉइंट ठरतात आणि ते खुर्चीत बसलेल्या तासांइतके असतातच असं नाही. सरांनी पाच वर्षांत तीसपेक्षा किती तरी जास्त तास भाषणं ऐकली होती. त्यांची तक्रारही हीच होती : "अरे, मी बसलो ना पूर्ण वेळ! आता काय व्हिडिओ दाखवू काय?"

मी सांगितलं, "सर, तुम्ही बसलात हे मला मान्य आहे. कागदाला मान्य नाही."

ते हसले नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की अठ्ठावन्नाव्या वर्षी आपण हजर होतो हे सिद्ध करायची पाळी यावी, हे मनाला लागतं. त्यांना 'शिका' म्हटलेलं खटकत नव्हतं. शिकल्याचा पुरावा मागितलेला खटकत होता. या वयाच्या बहुतेक डॉक्टरांचा राग हाच असतो, हे मी नंतर इतर फायलींवरूनही पाहिलं. बाहेरून तो आळस वाटतो, पण तो आळस नव्हे.

तेरा कमी, चार महिने हातात

पहिलं काम दुरुस्तीचं. उलटसुलट आकड्यांच्या तिन्ही कार्यक्रमांच्या आयोजकांना नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडून पत्रं दिली. एका आयोजकाकडे मूळ रजिस्टर मिळायला पाच आठवडे लागले. तिन्ही सुधारून आली, चार पॉइंट वाढले, एकवीस झाले. कोऱ्या जागेच्या प्रमाणपत्राचे आयोजक सापडले नाहीत. ती समितीच विसर्जित झाली होती. तो पॉइंट गेला.

याच सुमारास सरांना एक फोन आला. कुणाचा ते लिहीत नाही. एका दिवसभराच्या कार्यक्रमाला नाव नोंदवा, फी भरा, सकाळी सही करून जा, प्रमाणपत्र घरी येईल. सरांनी मला विचारलं, "काय करू?" मी उत्तर द्यायच्या आधी मॅडम आतून म्हणाल्या, "त्या दिवशी दवाखान्यात बसाल आणि सही तिकडे असेल. एखाद्या पेशंटने तारीख दाखवली म्हणजे?" विषय तिथेच संपला. नीतीपेक्षा केसपेपरवरची तारीख जास्त ताकदीची ठरली, याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

सही करून निघून जाणं हा या नियमाचा सगळ्यात जुना रोग आहे. त्यावर इलाज म्हणून मान्यतेच्या कार्यक्रमाला कौन्सिलचा ऑब्झर्व्हर येतो. तो असतो तेव्हा सभागृह भरलेलं असतं, हे मी पाहिलं आहे. जेवणानंतर किती भरलेलं असतं, हेही पाहिलं आहे.

मान्यतेच्या ऑनलाइन व्याख्यानांतून दोन पॉइंट आले. सर ती रात्री साडेदहानंतर, जेवताना ऐकत. ऑक्टोबरात दोन दिवसांची एक परिषद झाली, तिचे चार मिळाले. शनिवारची संध्याकाळ दवाखाना बंद ठेवला. एका आईला मुलाला घेऊन दूर जावं लागलं, हे सरांनी मला दोनदा ऐकवलं. परिषदेत काय ऐकलं असं विचारल्यावर म्हणाले, "हृदयाच्या झडपा छाती न चिरता कशा बसवतात ते. फार सुंदर. माझ्या काय कामाचं?" उरलेले तीन पॉइंट नोव्हेंबरातल्या तीन संध्याकाळी, दवाखाना आठलाच बंद करून. झाले तीस.

प्रकरण एवढंच असतं तर मी ते लिहिलं नसतं.

दुपारी तीन वाजता

सरांची फाइल चाळताना माझ्या लक्षात आलं की अकराही वैध कार्यक्रम रात्री साडेआठनंतरचे किंवा रविवारी दिवसभराचे आहेत. ही वेळ स्पेशालिस्टांना आणि हॉस्पिटलवाल्यांना सोयीची. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याची साडेआठ ही सगळ्यात गर्दीची वेळ. कामावरून परतलेला माणूस तेव्हाच मुलाला घेऊन येतो. दिघोरीहून वर्धा रोडला जायचं आणि परत यायचं म्हणजे अख्खी संध्याकाळ. पण याच डॉक्टराकडे रोज दुपारी दोन ते पाच असा वेळ असतो, ज्याकडे कुणी आयोजक पाहत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात तर त्या वेळी रस्त्यावर कुत्रंही नसतं.

म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नऊ जण माझ्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत दुपारी तीनला जमलो. एका शासकीय महाविद्यालयातले मेडिसिनचे प्राध्यापक आले. अट एकच : प्रत्येकाने गेल्या पंधरवड्यातल्या तापाच्या दोन रुग्णांचे कागद नाव झाकून आणायचे. प्रोजेक्टर नाही, स्लाइड नाही.

पहिला कागद सरांचा. बावीस वर्षांचा मुलगा, ताप चौथा दिवस, प्लेटलेट एक लाख दहा हजार, डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची सुई दिलेली. पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून घरी पाठवला. सहाव्या दिवशी पोटात दुखतं, उलट्या थांबत नाहीत, म्हणून घरच्यांनी थेट मेडिकलला नेला. तो वाचला. सर म्हणाले, "ताप उतरला म्हणजे सुटलो असं मला वाटलं."

प्राध्यापकांनी पुढचा अर्धा तास याच एका वाक्यावर घालवला. डेंग्यूत धोक्याचा काळ ताप उतरतानाच सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो, रक्त घट्ट होतं, हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) चढतो. प्लेटलेटच्या आकड्याकडे सगळं घर डोळे लावून बसतं, पण नुसता आकडा कमी आणि रक्तस्राव नाही, अशा रुग्णाला प्लेटलेट चढवून फायदा होत नाही. पाहायचं ते वेगळंच : पोटातलं तीव्र दुखणं, सततच्या उलट्या, हिरड्यांतून किंवा शौचातून रक्त, गुंगी, लघवी कमी होणं. आणि तापाला पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको. पोटातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. स्टेरॉइडचाही उपयोग नाही.

यातलं नवीन काहीच नव्हतं. सगळं पुस्तकात आहे. पण नऊपैकी सहा जणांच्या कागदांवर डायक्लोची सुई होती. माझ्याही एका कागदावर होती.

कारण सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडे तापाचा माणूस येतो तोच म्हणतो, 'डॉक्टरसाहेब, एक सुई लावून द्या, उद्या ड्युटीवर जायचं आहे.' सुई नाही दिली तर तो चौकातल्या दुसऱ्याकडे जातो. हे कोणत्याही हॉटेलातल्या भाषणात येत नाही, कारण तिथे बोलणाऱ्याकडे सुई मागणारा पेशंट येत नाही.

त्या दुपारी दुसरा विषय निघाला तो स्क्रब टायफसचा, म्हणजे गवतातल्या सूक्ष्म किड्याच्या चाव्याने होणाऱ्या तापाचा. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात त्याचे रुग्ण निघाले तेव्हापासून नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पण पेशंटचा शर्ट काढून काख, जांघ, कमरेचा पट्टा पाहणारे आमच्यातले दोघेच निघाले. तिथे कधी कधी सिगारेटचा चटका लागल्यासारखी काळी खपली सापडते. ती दिसली, किंवा शेतात-गवतात काम करणाऱ्याचा ताप पाच-सहा दिवस हटत नसला, तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करायचं.

साडेचारला सगळे उठले, कारण सहाला दवाखाने उघडायचे होते. सह्या झाल्या एका वहीच्या पानावर. पॉइंट शून्य. आधी अर्ज नाही, मान्यता नाही, ऑब्झर्व्हर नाही, मग पॉइंट कुठून? झडपांच्या परिषदेने चार दिले आणि ज्या दुपारने सरांची सवय बदलली तिने काहीच दिलं नाही.

सवय बदलली असं मी उगाच म्हणत नाही. महिनाभराने मी त्यांच्या दवाखान्यात एक संध्याकाळ बसलो. टेबलाच्या काचेखाली मराठीत हाताने लिहिलेला कागद होता : 'ताप उतरल्यावर दोन दिवस जपा', खाली पाच लक्षणं, खाली फोन नंबर. तापाच्या प्रत्येकाला त्याची झेरॉक्स. एक बाई सुईसाठी अडून बसल्या तेव्हा सर म्हणाले, "आई, ही सुई डेंग्यूत पोटात रक्त आणते. देऊ काय?" बाई गोळ्या घेऊन गेल्या. दोघं मात्र उठून चौकातल्याकडे गेले, हेही माझ्यासमोरच झालं.

वैद्यकीय शिक्षणाच्या बैठकींचा खरंच उपयोग होतो का, यावर जगभर मोजमाप झालं आहे. वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००९ च्या आढाव्यात ८१ चाचण्या तपासल्या होत्या. अपेक्षित वागणुकीतला बदल मध्यम हिशेबाने जेमतेम ६ टक्के निघाला. नुसत्या भाषणापेक्षा भाषण आणि चर्चा मिळून केलेल्या बैठकी बऱ्या ठरल्या. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१२ पासून दर पाच वर्षांनी डॉक्टरांची फेरतपासणी होते, पण तिथली जनरल मेडिकल कौन्सिल तासांचा आकडा ठरवून देत नाही. दरवर्षीच्या मूल्यमापनात डॉक्टराला आपण काय शिकलो आणि कामात काय बदललं हे मांडावं लागतं. ती पद्धत उचलून इथे आणा असं मी म्हणणार नाही. त्यासाठी प्रत्येक डॉक्टरामागे मूल्यमापन करणारा दुसरा डॉक्टर लागतो, आणि आपल्याकडे पेशंट पाहायलाच पुरत नाहीत. आपल्याला तीसच्याच चौकटीत वाट काढायची आहे.

दुपारच्या खोलीला मान्यता

जानेवारीपासून आम्ही तेच केलं. आमच्यासारख्या चिमुकल्या गटाने स्वतः मान्यता मिळवण्यापेक्षा मान्यताप्राप्त संघटनेच्या शाखेला विनंती केली : आयोजक तुम्ही, खोली आणि माणसं आमची. त्यांना पहिल्यांदा पटेना. वीस जणांसाठी एवढी कागदपत्रं कोण करणार? कागदपत्रं आम्ही करू म्हटल्यावर पटलं. विषय, वक्ता, वेळ लिहून अर्ज आधीच जातो. नोंदणी क्रमांक कुणी आठवून लिहायचा नाही. प्रत्येकाच्या प्रमाणपत्राची प्रत पाहून आम्ही यादी छापून ठेवतो, समोर फक्त सही. सही येताना एक आणि जाताना एक. जातानाची सही आम्ही सुरू केली तेव्हा एकाने विचारलं, "शाळा आहे काय बे?" पण केली त्याने.

खर्चाचा प्रश्न आलाच. पहिल्याच बैठकीला एका कंपनीचा एमआर (औषध प्रतिनिधी) जेवणाची सोय करायला तयार होता. चांगला मुलगा आहे, त्याचंही टार्गेट असतं. नाही म्हटलं. डिसेंबर २००९ च्या दुरुस्तीने डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार घेण्यावर बंदी आलीच होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा खर्चाला कंपन्यांना आयकरात वजावट नाही असा निकाल दिला. मार्च २०२४ च्या औषध विपणन संहितेने शैक्षणिक कार्यक्रमांना कंपनीचा पैसा कसा चालेल हेही बांधून दिलं आहे. म्हणजे पाठिंबा पूर्ण बंद नाही, पण हिशेब उघड हवा. आम्हाला हिशेबच नको होता. प्रत्येकी दोनशे रुपये, त्यात तर्री पोहा आणि चहा. विषयही मग आपले आपण निवडता येतात : सापाचा दंश, सिकलसेल, मे महिन्यातला उष्माघात. साप चावलेल्याचं रक्त वीस मिनिटांत गोठतं का, हे साध्या काचेच्या कोरड्या परीक्षानळीत पाहणाऱ्या चाचणीत फायदा कोणत्या कंपनीचा?

मॅडमच्या नावाचं काम अजून चालू आहे. लग्नाचं प्रमाणपत्र, राजपत्र, प्रतिज्ञापत्र. गटातल्या तिघींचं हेच निघालं, तेव्हा तिघींचे अर्ज एकत्र केले.

सरांचं रिन्युअल डिसेंबरात झालं. अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद असतात तेच दिवस, पण अर्ज ऑनलाइन असल्याने त्याचा त्रास झाला नाही. पावतीची प्रत त्यांनी मला पाठवली आणि खाली लिहिलं, 'सापाचं कधी ठेवतो?' निळी फाइल रद्दीत गेली. आता प्रत्येक प्रमाणपत्राचा फोटो त्याच दिवशी कंपाउंडर फोनमध्ये ठेवतो.

पहिल्या दुपारच्या नवांपैकी दोघे पुन्हा आले नाहीत. एकाने स्पष्ट सांगितलं की दुपारची झोप सोडवत नाही. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. दुसऱ्या आहेत त्या मानेवाड्याच्या एक डॉक्टर. तीन वाजता त्यांची मुलं शाळेतून येतात, घरी दुसरं कुणी नाही. वेळेचं गणित मी जुळवलं होतं ते सरांच्या फायलीवरून, त्यांच्या नाही. त्यांचे अजून चौदा पॉइंट कमी आहेत. मुलं शाळेत गेल्यावर सकाळी आठ ते साडेनऊ अशी एक बैठक जुलैत करून पाहणार आहोत. वक्ता तयार आहे. ऑब्झर्व्हर त्या वेळेला यायला तयार होतात का, ते विचारायचं आहे.